टायटॅनियमची स्लॅक हार्डटेल बनवून घेताना

माझ्या सायकलच्या फ्रेमचं चित्र ती बनवणाऱ्या बिल्डरकडे शेवटचं पाठवण्याआधी मी ते अकरा वेळा खोडलं होतं. टायटॅनियमचं कामच तसं आहे. स्टीलच्या फ्रेमची एखादी नळी चुकली तर चांगला कारागीर ती कापून दुसरी जोडून देतो, मागचे पाय थोडे फाकलेले असतील तर ओढून सरळ करतो. टायटॅनियम वाकवलं तर उसळून परत येतं आणि उघड्या हवेत वेल्ड केलं तर ठिसूळ होतं. म्हणून सगळ्या चुका नळी कापण्याआधी, कागदावर आणि जुन्या सायकलवर करून घ्यायच्या. खालच्या पायऱ्या त्याच क्रमाने लिहिल्या आहेत. घाई असेल तर नववी पायरी आटोपती घ्या, पण पहिली आणि तिसरी सोडू नका.

आधी दोन शब्दांचा अर्थ. हार्डटेल म्हणजे पुढे सस्पेन्शनचा फोर्क, म्हणजे चाक धरणारा चिमटा, आणि मागे काही नाही, अशी माउंटन बाइक. स्लॅक म्हणजे पडता कोन. ज्या नळीत हँडलचा दांडा फिरतो ती हेड ट्यूब. ती जमिनीशी जो कोन करते तो जितका कमी, तितका चिमटा पुढे पसरतो आणि पुढचं चाक तुमच्यापासून लांब जातं. रस्त्यावरच्या रेसिंग सायकलचा हा कोन साधारण ७२-७३ अंश असतो, १९९० च्या दशकातल्या माउंटन बाइकचा ७१ आणि आजच्या ट्रेल बाइकचा ६५-६६. मी बनवून घेतलेल्या सायकलचा ६३ आहे.

पडता कोन ही काल-परवाची टूम नाही. कॅलिफोर्नियाच्या मरिन काउंटीत २१ ऑक्टोबर १९७६ ला रिपॅकच्या उतारावर पहिली शर्यत झाली, तेव्हा पोरं ज्या जुन्या श्विन सायकली घेऊन उतरत होती त्यांचे कोन बरेच पडते होते. पुढे क्रॉस-कंट्री शर्यतींचा जोर वाढला, सायकली हलक्या आणि चपळ हव्यात असं ठरलं आणि कोन उभे होत होत ७१ वर येऊन बसले. ते परत पडते व्हायला बराच काळ लागला. स्पेनच्या मोंड्राकर कंपनीने २०१२ च्या सुमारास लांब फ्रेम आणि अगदी आखूड स्टेम (हँडल धरणारा तुकडा) अशी जोडी आणली. वेल्समधल्या क्रिस पोर्टर यांनी जर्मनीच्या निकोलाय कंपनीबरोबर जिओमेट्रॉन बनवली आणि एरवी डाउनहिल सायकललाच शोभेल असा कोन रोजच्या ट्रेलवरही चालतो हे दाखवून दिलं. आपण वापरणार ती आकडेमोड या लोकांनी अंगावर खरचटून घेऊन मिळवलेली आहे.

पायरी १ : आधी जुन्या सायकलवर चुका

६३ अंशांची सायकल कधी चालवलीच नसेल तर ती टायटॅनियममध्ये मागवू नका. जुनी स्टीलची किंवा अ‍ॅल्युमिनियमची हार्डटेल घ्या आणि तिच्यात अँगल हेडसेट, म्हणजे हेड ट्यूबच्या टोकांना बेअरिंग धरणाऱ्या वाट्यांचा संच, बसवा. याच्या वाट्या तिरप्या कोरलेल्या असतात, त्यामुळे तीच फ्रेम १ ते २ अंशांनी पडती होते. इंग्लंडची वर्क्स कॉम्पोनंट्स अशा वाट्या बनवते. तुमच्या हेड ट्यूबचा आतला व्यास त्यात बसतो का, एवढं आधी बघा. फोर्क मात्र फ्रेमच्या कंपनीने सांगितलेल्या लांबीपेक्षा मोठा घालू नका. लांब फोर्कची ओढ हेड ट्यूबच्या सांध्यावर येते आणि जुन्या फ्रेम तिथेच तडकतात.

दोन महिने चालवा. एका वहीत प्रत्येक फेरीनंतर तीन गोष्टी लिहा: खड्या उतारावर पोटात गोळा आला का, सपाट वळणावर पुढचं चाक सुटलं का, आणि हळू चढताना हँडल इकडे-तिकडे पडत होतं का. माझ्या वहीत पहिल्या तीन आठवड्यांत 'मुरमाच्या वळणावर पुढचं चाक सरकलं' हे वाक्य सात वेळा आहे. पुण्याच्या टेकड्यांवर खडकाच्या वर मुरमाचा पातळ थर असतो, आणि पुढच्या चाकावर वजन नसेल तर तो गोट्यांसारखा घसरतो. त्या सात नोंदींमुळेच माझ्या फ्रेमचे चेनस्टे, म्हणजे पेडलच्या आसापासून मागच्या चाकाच्या आसापर्यंतचे दांडे, लांब झाले. ते कसं, हे तिसऱ्या पायरीत येईल.

पायरी २ : ओळंबा आणि पाणसळ

मापं घ्यायला गवंड्याची दोन हत्यारं पुरतात. सायकल भिंतीला समांतर, सरळ उभी करा आणि दोन्ही चाकं एकाच पातळीवर आहेत हे पाणसळीने तपासा. हेड ट्यूबच्या वरच्या टोकाच्या मधोमध ओळंबा धरा आणि जमिनीवर खूण करा. मग बॉटम ब्रॅकेटच्या, म्हणजे पेडलच्या आसाच्या, मध्यातून ओळंबा सोडून दुसरी खूण करा. दोन खुणांमधलं अंतर म्हणजे रीच. त्या दोन बिंदूंच्या उंचीतला फरक म्हणजे स्टॅक. उभं राहून सायकल चालवताना तुमचं शरीर या दोनच मापांत मावतं, म्हणून फ्रेमचा 'मीडियम' किंवा 'लार्ज' हा शिक्का विसरून ही दोन मापं धरून बोलायची सवय लावा. कोन मोजायला फोनमधलं पातळी दाखवणारं अ‍ॅप पुरेसं आहे. हेड ट्यूब निमुळती असेल तर तिच्या पृष्ठभागावर फोन टेकवू नका, चिमट्याच्या सरळ नळीवर टेकवा.

शरीराची उंची, पायाची आतली लांबी आणि दोन्ही हात पसरून बोटांपासून बोटांपर्यंतचं माप लिहून ठेवा. बिल्डर हे विचारतोच.

पायरी ३ : आकडे

ही पायरी सगळ्यात महत्त्वाची, आणि नवख्यांची गल्लत होते तीही इथेच.

आधी ट्रेल समजून घ्या. इथे ट्रेल म्हणजे पायवाट नाही, एक माप. हेड ट्यूबच्या मधून जाणारी रेष खाली जमिनीपर्यंत वाढवली तर ती पुढच्या चाकाच्या टेकण्याच्या जागेच्या थोडी पुढे जमिनीला लागते. या दोन जागांमधलं अंतर म्हणजे ट्रेल. ट्रेल जास्त असेल तर चाक आपणहून सरळ राहू बघतं, दगडाने फेकलं तरी परत वळणीवर येतं. २९ इंची चाक २.५ च्या टायरसह घेतलं तर त्याची त्रिज्या साधारण ३७२ मिमी भरते. फोर्कचा ऑफसेट, म्हणजे हेड ट्यूबच्या रेषेपासून पुढचा आस जितका पुढे असतो ते अंतर, ४४ मिमी धरला तर ६७ अंशांवर ट्रेल ११० मिमी येते, ६५ वर १२५ आणि ६३ वर १४०. जुन्या २६ इंची, ७१ अंशांच्या सायकलची ट्रेल ७५ च्या आसपास असे. उतारावर जो निवांतपणा येतो तो या वाढीतून.

त्याची किंमत चढावर मोजावी लागते. कोन पडता झाला की हँडल थोडं जरी वळलं तरी सायकलचं नाक खाली बसतं, आणि हळू वेगात चाक एका बाजूला कोलमडू बघतं. जुन्या ७१ अंशांच्या सायकलच्या तुलनेत ६३ वर ही ओढ दुपटीहून जास्त होते. सवय होते, पण पहिल्या आठवड्यात घाटवाटेच्या अरुंद वळणावर हात कडक धरावे लागतात.

आता हार्डटेलची खास गोष्ट. दोन्हीकडे सस्पेन्शन असलेली सायकल बसल्यावर पुढून-मागून सारखी खाली जाते, कोन फारसा बदलत नाही. हार्डटेलचं फक्त नाक खाली जातं. त्यामुळे चालवताना तुमचा कोन कागदावरच्या कोनापेक्षा नेहमी उभा असतो. नुसतं बसल्यावर तुमच्या वजनाने फोर्क जितका दबतो तो सॅग. १५० मिमी फोर्कला २० टक्के सॅग म्हणजे ३० मिमी. तेवढ्याने १२४० मिमीच्या आसपास व्हीलबेस (दोन्ही चाकांच्या आसांमधलं अंतर) असलेल्या सायकलचा कोन सव्वा अंशाने उभा होतो. फोर्क पूर्ण दाबला गेला तर सहा अंशांहून जास्त. म्हणजे ६३ अंशांची हार्डटेल मोठ्या दगडावर आपटताना क्षणभर ६९ अंशांची झालेली असते. ज्याला ६३ हा आकडा अति वाटतो त्याने हा हिशेब मांडून बघावा. सस्पेन्शनवाल्या सायकलचा ६४-६५ आणि हार्डटेलचा ६३ चालवताना एकाच गावचे.

त्याच सॅगमध्ये रीचही बदलतो. फ्रेम पुढे झुकली की हेड ट्यूबचं वरचं टोक पुढे आणि खाली जातं. ६४० मिमी स्टॅकच्या फ्रेमवर त्याने रीच जवळपास १४ मिमी वाढतो. म्हणून आवडत्या सस्पेन्शनच्या सायकलचा ४७५ रीच हार्डटेलला जसाच्या तसा देऊ नका, ४६० द्या. सीट ट्यूबचा कोनही तेवढाच उभा होतो, त्यामुळे कागदावर ७५ पुरे. ७८ मागितलात तर सपाट रस्त्यावर सगळा भार तळहातांवर येईल.

कोन पडता केला की पुढचं चाक किती लांब जातं? रीच आणि स्टॅक तेच ठेवून ६६ चे ६३ केले तर पुढचा आस जवळपास ३९ मिमी पुढे सरकतो. मागचं चाक मात्र होतं तिथेच राहतं. तुमचं वजन पेडलवर, म्हणजे मागच्या चाकाच्या आणखी जवळ असल्यासारखं होतं, आणि पुढचं चाक हलकं पडतं. माझ्या वहीतल्या सात नोंदींचं कारण हेच होतं. उपाय दोन: अंग पुढे नेऊन चालवणं, आणि चेनस्टे थोडे लांब करणं. आखूड चेनस्टेने सायकल खेळकर होते असं सगळीकडे वाचायला मिळतं. उभ्या कोनाच्या सायकलवर ते खरं आहे. ६३ अंशांवर ४२० चे चेनस्टे ठेवले तर पुढचं चाक प्रत्येक सपाट वळणावर तुमच्याकडे वजनाची भीक मागत राहील. मी ४४० घेतले आणि मला एकदाही पश्चात्ताप झाला नाही. शिवाय ४४० मध्ये रुंद टायर, ३२ दात्यांची चकती आणि चिखलाला जागा हे तिन्ही कसरत न करता बसतं.

उरला बॉटम ब्रॅकेट. तो खाली असला की वळणात सायकल पायाखाली घट्ट वाटते, पण सह्याद्रीच्या पायवाटा म्हणजे कातळाच्या पायऱ्या, तिथे पेडल दगडाला लागतं. हार्डटेलचा बॉटम ब्रॅकेट सॅगमध्ये आणखी ९-१० मिमी खाली जातो हे लक्षात ठेवा. मी आसांच्या रेषेच्या खाली ५५ मिमी घेतला. त्याने जमिनीपासूनची उंची ३१७ येते आणि सॅगमध्ये ३०८ च्या आसपास राहते. क्रँक १६५ मिमीचे लावले.

माझे सगळे आकडे एकत्र देतो, १७२ सेमी उंचीच्या माणसाचे म्हणून वाचा: हेड कोन ६३, सीट कोन ७५, रीच ४६०, स्टॅक ६४०, चेनस्टे ४४०, ड्रॉप ५५, व्हीलबेस १२४४.

पायरी ४ : फोर्क आधी ठरवा

फ्रेमचे कोन हवेत ठरत नाहीत, फोर्कच्या लांबीवर ठरतात. आसापासून क्राउनपर्यंतची, म्हणजे फोर्कच्या दोन्ही नळ्या वर जिथे जुळतात तिथपर्यंतची, लांबी कंपनी छापते. १५० मिमीच्या २९ इंची फोर्कची ती साधारण ५५० मिमीच्या आसपास असते. तुमच्या नेमक्या मॉडेलचा नेमका आकडा बिल्डरला द्या. पुढे १० मिमी लांब फोर्क घातला तर कोन अंदाजे ०.४ अंशाने पडतो आणि बॉटम ब्रॅकेट वर येतो. खालच्या वाटीची जाडीही धरायला विसरू नका. हेड ट्यूबचा आतला व्यास वर-खाली ४४ मिमी असेल तर निमुळत्या स्टिअररसाठी (हेड ट्यूबमध्ये जाणारा फोर्कचा दांडा) खालची वाटी बाहेर बसते आणि फोर्कखाली सुमारे १२ मिमी वाढतात. एवढ्याने अर्धा अंश इकडचा तिकडे होतो.

पडत्या कोनात फोर्कवर आडवा ताण जास्त येतो. सरकत्या नळ्या आतल्या बुशला घासतात आणि बारीक खडबड पचवायची त्याची क्षमता कमी होते. म्हणून वजन वाचवण्यासाठी सडपातळ क्रॉस-कंट्री फोर्क लावू नका. ३५ किंवा ३६ मिमी नळ्यांचा फोर्क घ्या. ऑफसेट ४४ घ्यायचा की ५१, यावर लोक तासन्‌तास वाद घालतात. ६३ अंशांवर त्या दोघांत ट्रेलचा फरक ८ मिमीचा आहे. स्वस्तात जो मिळतो तो घ्या.

पायरी ५ : नळ्या

टायटॅनियम म्हणजे मऊ, मोरपिसासारखी चालणारी सायकल, हा समज जुन्या बारीक नळ्यांच्या फ्रेममुळे पसरला. धातूचे गुण आधी बघा. टायटॅनियमची घनता साधारण ४.५, स्टीलची ७.८५. ताठपणा स्टीलच्या जेमतेम निम्मा. म्हणजे स्टीलच्याच मापाची नळी टायटॅनियममध्ये घेतली तर ती हलकी होईल, पण दुप्पट लवचीकही होईल. उपाय व्यासात आहे. नळीचा ताठपणा व्यासाच्या घनाच्या प्रमाणात वाढतो. ३५ मिमीच्या जागी ४४ मिमी घेतले, जाडी तीच ठेवली, तर ताठपणा दुप्पट होतो. म्हणजे ३५ च्या स्टीलची बरोबरी ४४ चं टायटॅनियम करतं, आणि तरीही वजन स्टीलच्या पाऊणपटीपेक्षा थोडं कमीच भरतं. मला हे गणित फार आवडतं, कारण टायटॅनियमच्या फ्रेमच्या नळ्या जाड का दिसतात याचं उत्तर त्यात आहे.

फ्रेमच्या नळ्यांसाठी ३ टक्के अ‍ॅल्युमिनियम आणि २.५ टक्के व्हॅनेडियम मिसळलेला धातू वापरतात. बाजारात त्याला ग्रेड ९ म्हणतात. अशा बिनजोड नळ्या मूळच्या विमानांच्या हायड्रॉलिक लाइनसाठीच्या. ६ टक्के अ‍ॅल्युमिनियम आणि ४ टक्के व्हॅनेडियमचा ग्रेड ५ जास्त कणखर असतो, पण त्याच्या बिनजोड नळ्या बनवणं अवघड, म्हणून तो ड्रॉपआउटसारख्या (मागच्या चाकाचा आस बसतो ते टोक) यंत्रावर कोरलेल्या भागांत येतो. 'सगळी फ्रेम ग्रेड ५ ची' अशी जाहिरात दिसली तर नळ्या शिवणीच्या आहेत का ते विचारा. या धातूचं एक खनिज, इल्मेनाइट, रत्नागिरीच्या किनाऱ्यावरच्या काळ्या वाळूत आहे. त्या वाळूत अनवाणी चाललेल्या माणसाला हे कळल्यावर फ्रेमकडे बघायची नजर बदलते.

स्लॅक फ्रेममध्ये सगळ्यात जास्त सोसावं लागतं ते डाउन ट्यूब (हेड ट्यूबपासून बॉटम ब्रॅकेटकडे उतरणारी नळी) आणि हेड ट्यूबच्या सांध्याला. पुढचं चाक लांब गेल्याने तरफ लांब होते आणि प्रत्येक धक्का तिथे पिरगळतो. माझं मत: डाउन ट्यूब ४४ मिमीपेक्षा बारीक नको, जाडी ०.९ मिमीच्या खाली नको. हेड ट्यूब शक्य तितकी लांब ठेवा, म्हणजे वरची आणि खालची नळी एकमेकींपासून दूर जोडल्या जातील. माझी ११५ मिमी आहे. सांध्याखाली गसेटचा, म्हणजे आधाराच्या पत्र्याचा, तुकडा लावायचा का? लावला तर त्याचं टोक डाउन ट्यूबवर जिथे संपतं तिथे ताण साचतो आणि भेग तिथून सुरू होऊ शकते. मी गसेट टाळून नळी जाड घेतली. बिल्डरला अनुभव असेल तर त्याचं ऐका, पण त्याने कारण सांगितलं पाहिजे.

अशी फ्रेम २ ते २.५ किलो भरते. त्याहून हलकीचा हट्ट धरू नका.

पायरी ६ : बारीकसारीक

मागचा आस १४८ बाय १२. गिअर बदलणाऱ्या डिरेलरचा हँगर यूडीएच (एका ठरीव मापाचा), कारण तो कुठेही मिळतो. बॉटम ब्रॅकेट ७३ मिमी, आट्यांचा. दाबून बसवायचा प्रकार टायटॅनियममध्ये घेऊ नका, आयुष्यभर करकर ऐकाल. मागचा ब्रेक १८० च्या रोटरसाठी. केबल खालून बाहेरून न्या, दुरुस्तीला सोपं जातं. मागे २.४ चा टायर लावून दोन्ही बाजूंना ८ मिमी मोकळी जागा मागा. काळ्या मातीचा चिखल ज्याने ऑगस्टमध्ये बोटांनी उकरलाय त्याला हे पटवून द्यावं लागणार नाही.

सीट ट्यूबवर मात्र थांबा. ड्रॉपर पोस्ट (चालवताना खोगीर खाली-वर करणारा दांडा) आत किती खोल जाणार हे चित्रात मिमीमध्ये लिहून घ्या. माझ्या तिसऱ्या चित्रात बिल्डरने टायरला जागा करण्यासाठी सीट ट्यूबला बाक दिला होता. दिसायला सुंदर, पण सरळ भाग २०० मिमीच उरला होता आणि १७० मिमीचा ड्रॉपर त्यात अर्धवट अडकला असता. विचारलं नसतं तर तशीच कापली गेली असती. सरळ भाग किमान २७० मागा. व्यास ३१.६ किंवा ३४.९.

पायरी ७ : बिल्डर आणि चित्र

अमेरिकेत मूट्स, सेव्हन, लिन्स्की ही जुनी नावं आहेत. चीनमध्ये शिआमेनची वॉल्टली वैयक्तिक ऑर्डर घेते, आणि शान्शी प्रांतातलं बाओजी शहर तर टायटॅनियमवरच उभं आहे. चीनमधून घेतल्यास पैसे बरेच वाचतात, पण तिथे तुम्ही द्याल तेच बनतं. चित्र चुकलं तर फ्रेम चुकीची येईल, कारण 'हे असं चालणार नाही' असं सांगायला कोणी बसलेलं नसतं. मोठ्या नावांकडे तुम्ही त्या एका वाक्याचेही पैसे देता, आणि नवख्याला ते कधीकधी परवडतात.

चित्र बाइककॅड या प्रोग्रॅममध्ये स्वतः काढा, त्याची फुकटची आवृत्ती पुरते. बिल्डरचं चित्र आलं की आपल्या चित्राशी ताडून बघा. पाच प्रश्न विचारा: कोन सॅगसह आहेत की सॅगशिवाय? फोर्कची लांबी कोणती धरली? खालच्या वाटीची जाडी धरली का? फोर्कच्या क्राउनवरची बटणं हँडल पूर्ण वळल्यावर डाउन ट्यूबला लागतात का? वेल्डनंतर फ्रेमची सरळ रेष किती मिमीपर्यंत राखता? उत्तरं लेखी घ्या. कोन 'सॅगसह' समजून बनवलेली फ्रेम सव्वा अंशाने वेगळी येते.

पायरी ८ : वेल्डचा रंग वाचा

तापलेलं टायटॅनियम हवेतला ऑक्सिजन आणि नायट्रोजन शोषून घेतं आणि काचेसारखं तडकणारं होतं. म्हणून टिग वेल्डिंग करताना बाहेरून आर्गॉन वायूचं आवरण देतात आणि नळ्यांच्या आतही आर्गॉन भरतात. आतला आर्गॉन कंजुषीने वापरला तर बाहेरून देखणा वेल्ड आतून कुजका असतो. रंग सगळं सांगतो. चंदेरी उत्तम. फिकट पेंढ्यासारखा पिवळा चांगला. गडद निळा किंवा जांभळा दिसला तर प्रश्न विचारा. राखाडी किंवा पांढरी भुकटी दिसली तर फ्रेम घेऊ नका.

पण फ्रेम वाळूच्या माऱ्याने मॅट केली की हे रंग पुसले जातात. म्हणून फिनिशिंगच्या आधीचे फोटो मागा: हेड ट्यूबचे दोन्ही सांधे, बॉटम ब्रॅकेटचा घेर, आणि हेड ट्यूबच्या आतून नळ्यांच्या तोंडाचा. चांगला बिल्डर हे फोटो आनंदाने पाठवतो.

फ्रेम भारतात कुरिअरने आली की केवायसी मागतात, आधार आणि पॅन तयार ठेवा. सायकलच्या फ्रेम आणि फोर्क कस्टम्सच्या ८७१४ या शीर्षकाखाली येतात. इनव्हॉइसवर हाच क्रमांक आणि खरी किंमत लिहायला सांगा. किंमत कमी दाखवलेला माल अडकला तर सोडवायला जो वेळ जातो त्यात एक पावसाळा निघून जातो. ड्यूटी आणि आयजीएसटीचे त्या वेळचे दर एजंटकडून आधी लिहून घ्या आणि बजेटमध्ये धरा.

खोकं उघडल्यावर पहिली चाचणी सुतळीची. मागच्या एका ड्रॉपआउटला सुतळी बांधा, ती हेड ट्यूबला वळसा घालून दुसऱ्या ड्रॉपआउटपर्यंत ताणा. सीट ट्यूबपासून दोन्ही बाजूंच्या सुतळीचं अंतर मोजा. फरक १ मिमीच्या आत असावा. मग बॉटम ब्रॅकेटच्या आट्यांत वाटी हाताने फिरवून बघा. अडली तर जोर लावू नका, टायटॅनियमच्या आट्या एकमेकींना चावून बसतात आणि सुटत नाहीत.

पायरी ९ : जोडणी

टायटॅनियमला लागणाऱ्या प्रत्येक आटीला अँटी-सीझ पेस्ट लावा. साधं ग्रीस पावसात धुऊन जातं. फ्रेम गंजत नाही, पण तिच्यातले अ‍ॅल्युमिनियमचे भाग, विशेषतः सीट पोस्ट, ओल आणि खारट हवेत तिला चिकटतात. कोकणात चालवत असाल तर दर दोन महिन्यांनी पोस्ट काढा, पुसा, पेस्ट लावून परत घाला. स्टेम ४० मिमी, हँडल ७८० रुंद. पुढे २.५ चा टायर, मागे २.४, आणि मागच्या रिमला आतून फोमचा इन्सर्ट. हार्डटेलचं मागचं चाक सगळे धक्के एकट्याने घेतं.

पायरी १० : सेटिंग आणि पहिल्या फेऱ्या

फोर्क नेहमीपेक्षा थोडा घट्ट ठेवा: सॅग १५ ते २० टक्के, आत एक टोकन (हवेची जागा कमी करणारा तुकडा) जास्त, लो-स्पीड कम्प्रेशन (हळू दबण्याला अडवणारी सेटिंग) दोन-तीन क्लिक वर. ज्या सायकलचा कोन फोर्क दबल्यावर उभा होतो तिचा फोर्क सहज दबता कामा नये. याने हातांना थोडं जास्त लागतं. मला वाटतं तो सौदा योग्य आहे.

पहिली फेरी माहितीतल्या ट्रेलवर करा. अंग मागे न्यायची जुनी सवय मोडावी लागेल. उभ्या कोनाच्या सायकलवर उतारावर मागे गेलो नाही तर हँडलवरून पुढे फेकलो जातो, म्हणून आपण ढुंगण मागच्या टायरला टेकवायला शिकलो. इथे पुढचं चाक आधीच लांब आहे. हनुवटी स्टेमच्या वर, कोपरं बाहेर, टाचा खाली. सपाट वळणात बाहेरच्या पेडलवर वजन आणि आतल्या हाताने हँडल खाली दाबलेलं. दहा-बारा फेऱ्यांत अंगात बसतं. चढावर खोगिराच्या टोकावर बसा आणि छाती हँडलकडे न्या, नाहीतर चाक भरकटेल. हँडल अजून हलकं वाटत असेल तर स्टेमखालचा ५ मिमीचा एक स्पेसर काढून वर ठेवा आणि पुन्हा तेच वळण घ्या. एका वेळी एकच बदल, आणि वहीत नोंद.

पहिल्या दोनशे किलोमीटरनंतर सायकल धुवा, कोरडी करा आणि उन्हात न्या. हेड ट्यूबचा खालचा सांधा, सीट ट्यूबचं वरचं टोक आणि ब्रेकच्या बाजूचा ड्रॉपआउट, या तीन जागी वेल्डच्या कडेने बोटाचं नख फिरवा. केसाएवढी रेघ नखाला लागते, डोळ्यांना दिसायच्या आधी. मग हीच तपासणी दर पावसाळ्याच्या आधी आणि नंतर.